विनाकारण बसायची जागा

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या पश्चिमेला, टाउनहाउसेस संपून घोड्यांची कुरणं सुरू होतात तिथं, एका चौकात एक दगडी घर आहे. त्याच्यावर आता सोनेरी अक्षरांत ‘अस्सल इंग्लिश कंट्री पब’ असं लिहिलंय. तिथून जाताना मी पाटीकडे बघत नाही, कारण बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते घर खरोखर तसं होतं तेव्हा त्याच्यावर पाटीच नव्हती.

नवरा म्हणतो, “सोड ना यार आता, एका पबसाठी किती चिडशील!” तो पुण्याचा आहे. कुठल्याही विषयावर एक सणसणीत पत्र लिहिलं की विषय संपतो, अशी त्याची समजूत आहे. म्हणून हे लिहितेय. विषय संपणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

२००३च्या उन्हाळ्यात माझी आई गेली. बाबा अमरावतीकडच्या एका तालुक्याच्या गावी एकटे उरले. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेला, गप्पिष्ट, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला माणूस. मी एकुलती एक. मला ते माझ्याजवळ हवे होते. यात काही गुंतागुंत नव्हती, फक्त हवे होते. सप्टेंबरात मी त्यांना घेऊन आले. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, येण्याचं कारण काय? बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “माय डॉटर.” त्यानं पुन्हा विचारलं, हो, पण कारण काय? दोन वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरनंतर सगळेच अधिकारी ताठ झाले होते, हे मला कळत होतं. तरी मला राग आला. मुलगी हे कारण पुरत नाही का कुणाला?

आमचं टाउनहाउस छान होतं, म्हणजे तुरुंग म्हणून छान. नवरा आणि मी सकाळी आपापल्या गाड्या घेऊन ऑफिसला जायचो आणि बाबा दिवसभर गालिच्यावरून येरझाऱ्या घालायचे. बाहेर फिरायला गेले तर कॉलनीच्या दारापाशी फुटपाथ संपायचा. पुढं रस्त्याच्या कडेनं चालले तर गाड्या थांबवून लोक विचारायचे, तुम्ही हरवलात का? एक दिवस ते किराणा दुकानासमोरच्या बुटक्या भिंतीवर टेकले. तिथल्या गार्डनं येऊन, अगदी अदबीनं, त्यांना उठवलं. संध्याकाळी मी घरी आले तर त्यांनी विचारलं, “लॉयटरिंग म्हणजे काय गं?”

“विनाकारण थांबणं,” मी म्हटलं.

ते हसले. “मी तर जन्मभर तेच करून राहिलो.”

खरंच होतं ते. गावी एस.टी. स्टँडासमोरच्या टपरीच्या बाकावर ते रोज सकाळी जाऊन बसायचे. कुणाला भेटायचं नसायचं, काही घ्यायचं नसायचं. कुणीतरी यायचंच. आई चिडायची, तिथं काय ठेवलंय म्हणून. काही ठेवलेलं नव्हतं, म्हणून तर जायचे. आणि इथं, या एवढ्या मोठ्या देशात, माझ्या बापाला टेकायला वीतभर भिंत मिळेना.

ऑक्टोबरात बाबा आणि मी सफरचंदांच्या बागा बघायला गेलो. परतताना बाबांना लघवीला लागली. या वयात लागली म्हणजे लागलीच, धीर धरा म्हणून चालत नाही. रस्ता सगळा कुरणांतून जाणारा, पेट्रोल पंप नाही, काही नाही. शेवटी त्या चौकात हे दगडी घर दिसलं, धुराड्यातून धूर येत होता. मी गाडी थांबवून आत धावले. आत अंधारलेली बुटकी खोली, शेकोटी, आणि लाकडी काउंटरमागे एक पांढऱ्या केसांची धिप्पाड बाई. मी घाईघाईनं म्हटलं, आम्ही काहीतरी विकत घेऊ, पण माझ्या वडिलांना...

“घेऊन ये त्यांना, लव्ह,” ती म्हणाली. “मागच्या बाजूला आहे. पायरी सांभाळ म्हणावं.”

बाहेर येऊन बघते तर बाबा उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांना ते कुणाचं तरी घर वाटलं होतं. शेकोटी, खिडकीत कुंडी, आत कुत्रं, म्हातारी बाई. दुसरं काय वाटणार? दोन्ही बूट भिंतीशी नीट जोडून ठेवून, पायमोज्यांनी आत जाऊन त्यांनी त्या बाईंना नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत चारपाच माणसं होती. कुणी हसलं नाही. बाई काउंटरमागून बाहेर आल्या, बुटांकडे पाहिलं, बाबांच्या मोज्यांकडे पाहिलं, आणि शेकोटीजवळचं कुत्र्याचं पांघरूण पायानं सरकवून जागा केली. “फरशी गार आहे,” म्हणाल्या. “इथं बसा.”

मी हातात किल्ल्या घेऊन उभी होते. काम झाल्यावर म्हटलं, “बाबा, निघायचं ना?”

“थांब जरा,” बाबा म्हणाले. कुत्र्याचं डोकं तोवर त्यांच्या पायावर होतं.

ती जागा काय होती ते मला लगेच कळलं, कारण मी तसली जागा पाहिलेली होती. लग्नाआधी कंपनीनं मला काही महिने इंग्लंडला पाठवलं होतं. ऑफिस एका खेड्याच्या कडेला होतं आणि त्या खेड्यात एक पब होता. मी साडी नेसून गेले तरी कुणी वळून बघितलं नाही आणि तीनदा गेल्यावर माझी खुर्ची ठरली. टीव्ही नाही, गाणी नाहीत. छत इतकं खाली की उंच माणसांनी वाकायचं. फरशी वाकडी, बाकांची कड पिढ्यान्‌पिढ्या बसून गुळगुळीत झालेली, लाकडाच्या धुराचा आणि ओल्या कोटांचा वास. दारू प्यायलाच हवी असं काही नव्हतं. दारू हे तिथं निमित्त होतं. या बाई मूळच्या इंग्लंडच्याच. घोडे शिकवणाऱ्या नवऱ्याबरोबर तरुणपणी व्हर्जिनियात आल्या, करमेना, म्हणून दोघांनी या घरात हे मांडलं. नवरा गेला, ही खोली राहिली. गाडीत बसताना बाबा म्हणाले, “हा तर पार आहे गं. झाड तेवढं नाही.”

मग दर शनिवारी दुपारी आम्ही जाऊ लागलो. बाबा दरवेळी बूट काढायचे. ते घर नाही हे मी त्यांना सांगितलं होतं, पण एकदा ज्या दारात बूट काढले तिथं पुढच्या वेळी घालून जायचं, हे त्यांना जमेना. तिसऱ्या शनिवारी दाराच्या आतल्या बाजूला एक छोटं चटईचं पायपुसणं आलेलं होतं, फक्त त्यांच्या बुटांपुरतं. ते बाईंनीच आणून टाकलं होतं.

चहावरून मात्र दोघांचं चांगलं वाजलं. बाबांना दूध-साखर घालून उकळलेला चहा हवा, आणि चहा उकळायचा म्हटल्यावर बाईंच्या अंगावर काटा आला. माझ्या छपराखाली हे होणार नाही, म्हणाल्या. मग आत गेल्या आणि बडबडत बडबडत एका पातेल्यात उकळून आणला. पुढं आम्ही दारात दिसलो की त्या विचारायच्या, “नेहमीचं?” आणि पातेलं काढायच्या. त्या सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायच्या. बाबांनी मला गाडीत हळूच विचारलं, “त्या मला लव्ह काहून म्हणतात?” मी म्हटलं, “बाबा, आपण वऱ्हाडात वाक्यात कुठंही बाप्पा टाकतो ना, तसं आहे ते.” त्यांना ते तंतोतंत पटलं.

शेकोटीशी त्यांच्यासमोर बसायचा तो घोड्यांना नाल ठोकणारा एक म्हातारा. हात फावड्याएवढे, बोलणं कमी. तो त्यांना डॉमिनो, तो ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ, शिकवायचा आणि दर डावाला हरायचा. बाबांचं इंग्रजी खात्यातल्या फायलींचं आणि त्याचं व्हर्जिनियाच्या खेड्यातलं. एकमेकांना निम्मंअधिक कळत नसणार. पण दुसऱ्या वर्षापासून तो बुधवारीही आपला ट्रक घेऊन आमच्या दारात यायचा आणि बाबांना घेऊन जायचा. माझ्या कॉलनीत मी सात वर्षं राहत होते. माझ्यासाठी असं कुणी येत नव्हतं.

बाबा व्हिजिटर व्हिसावर यायचे, सप्टेंबरात येऊन मार्चात परत. बाई मला म्हणायच्या, थंडी पडली म्हणजे तुझे वडील येणार. त्यांनी बाबांची जागा शेकोटीच्या डाव्या हाताला धरून ठेवलेली असायची.

आणि आमची मराठी मंडळी! मंडळाच्या गणपतीला, शाळेच्या कॅफेटेरियात मोदकांच्या रांगेत, एका काकूंनी मला बाजूला घेतलं. तीस वर्षांपूर्वी आलेले, मोठं घर असलेले डॉक्टर, त्यांच्या या मिसेस. “वाईट वाटून घेऊ नकोस हं,” त्या म्हणाल्या, “पण तू म्हणे वडिलांना गुत्त्यात नेतेस. आई जाऊन जेमतेम वर्ष झालं. आणि तिथली बाई त्यांना लव्ह-बिव्ह म्हणते, असं ऐकलं.”

“काकू, ते तिथं चहा पितात.”

“चहा काय घरी नाही मिळत?”

काय सांगायचं? चहा घरी मिळतो, माणसं नाही मिळत, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? त्यांच्या स्वतःच्या सासूबाई त्या मोठ्या घराच्या बेसमेंटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसलेल्या मी पाहिल्या होत्या. ते सभ्य, आणि माझा बाप शेकोटीशी बसून हसतो ते वाईट. मी मोदक न घेता रांगेतून निघून आले. अजून त्या आठवणीनं माझं डोकं फिरतं.

२००६च्या सुरुवातीला मी अमेरिकन नागरिक झाले. आता मी बाबांना कायमचं आणू शकत होते. मार्चात ते निघायच्या आधी मी विचारलं. मला वाटलं होतं, नाहीच म्हणतील. ते म्हणाले, “तसं जमते मले इथं. शनिवार-बुधवार आहेत. ये म्हणशील तर येतो कायमचा.” मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सत्तरी ओलांडलेला माणूस आपलं गाव सोडायला तयार झाला होता, आणि त्याला धरून ठेवणारी गोष्ट माझं चार बेडरूमचं घर नव्हतं, ती एक वाकडी खोली होती, याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. काउंटरमागं उभं राहणं संपलं. टाय लावलेली माणसं येऊन जागा बघून गेली. मी भेटायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, “ते काही बदलणार नाहीत म्हणाले, लव्ह. त्यांना जागेचं कॅरॅक्टर फार आवडलंय.” मग त्या बहिणीकडे इंग्लंडला गेल्या. मी बाबांना फोनवर कळवलं. ते हळहळले, म्हणाले, बाई चांगल्या होत्या, पण जागा आहे ना?

आहे म्हणाले मी. टाय लावलेल्यांनी बाईंना तसंच सांगितलं होतं.

सप्टेंबरात बाबा आले आणि दुसऱ्याच शनिवारी आम्ही गेलो. कुरणाच्या एका तुकड्याचं पार्किंग झालं होतं आणि ते भरलेलं होतं. दारावर ती पाटी. बाबा पायरीवर बसले आणि सवयीनं बुटांच्या नाड्या सोडू लागले. मी त्यांना थांबवायच्या आत दार उघडून ते आत गेलेसुद्धा, आणि बूट ठेवायला चटई शोधू लागले. चटईच्या जागी एक उंच स्टँड होता आणि त्याच्यामागं, कमरेला पुढं नाडी बांधलेल्या झगामगा पोशाखात, एक कॉलेजातली मुलगी.

“वेलकम! आर वी सेलिब्रेटिंग एनीथिंग टुडे?”

बाबांनी तिला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळले. “काय म्हणून राहिली ती?”

“विचारतेय, येण्याचं काही कारण आहे का. वाढदिवस वगैरे.”

बाबांनी खरोखर विचार केला. “नाही म्हणावं. विनाकारण आलो.”

तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. चेहरा बदलला. सर, तुम्हाला बूट घालावे लागतील. बाबा हसले, हातातले बूट उंचावून दाखवले, म्हणजे आहेत हो माझ्याकडे. मग मॅनेजर आला. तोही हसत होता, त्या हसण्यालाच मी आजवर माफ केलेलं नाही. हेल्थ कोड, मॅम. बाहेर थांबून घालून घ्याल का, मागं लोक आहेत. आमच्या मागं खरंच रांग होती आणि रांगेतली माणसं माझ्या बापाचे मोजे बघत होती. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

बाबांना उभ्यानं वाकता येत नव्हतं. मी त्या दारात गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायांत बूट घातले. रागाच्या भरात नाड्यांची गाठ बसेना. उठले आणि मॅनेजरला फाडफाड बोलले. इंग्रजीत सुरुवात केली आणि कधी मराठीत गेले ते कळलं नाही. “लाज नाही वाटत? घर होतं हे! तीन वर्षं याच दारात बूट काढलेत यांनी!” रांगेतली माणसं फोनमध्ये बघू लागली.

“ओरडू नको,” बाबा म्हणाले. “ती पोरगी घाबरली. नोकरी करून राहिली बिचारी.”

आम्ही बसलो तरीही. उंच स्टुलांवर, बाबांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. शेकोटी होती, पण लाकडं सिमेंटची आणि ज्योत गॅसची, काचेमागं. भिंतीवर पाच टीव्ही. डार्ट बोर्ड फ्रेम करून टांगलेला. मेनूत एक बर्गर बाईंच्या कुत्र्याच्या नावाचा. चहा मागितला तर कपभर गरम पाणी आणि शेजारी कागदातली पुडी. नाल ठोकणारा म्हातारा कुठं आहे म्हणून मी विचारलं तर कुणाला काही माहीत नव्हतं. तो नंतर बाबांना भेटायला एकदा घरी आला, तेव्हा कळलं, त्यालाही दारातच थांबवलं होतं, बुटांना शेण होतं म्हणून. एकाचे बूट चालले नाहीत, दुसऱ्याचे नसलेले चालले नाहीत. आणि बाहेर लिहिलंय कंट्री. त्या म्हाताऱ्याला आमच्या सोफ्यावर कसं बसावं ते कळेना. तो डॉमिनोचा एक डाव हरला आणि गेला. पुन्हा आला नाही, त्यालाही कारण लागत असावं आमच्या घरी यायला.

बाबांनी पाणचट चहा अर्धा प्यायला. म्हणाले, “चल.” पुढच्या शनिवारी मी विचारलं, कुठं जायचं? ते म्हणाले, कुठं नाही. बुधवारही गेला. ते पुन्हा गालिच्यावर येरझाऱ्या घालू लागले. आता आतसुद्धा बूट घालून. नोव्हेंबर संपायच्या आत ते म्हणाले, “माझं तिकीट लवकरचं करून दे.” मी भांडले. म्हटलं, दुसरी जागा शोधू. शोधलीही. लायब्ररी, मॉल, सीनियर सेंटर. सीनियर सेंटरमध्ये कार्यक्रमच कार्यक्रम होते. दर तासाला कुणीतरी येऊन त्यांना काहीतरी करायला लावायचं. जानेवारीत मी त्यांना विमानात बसवलं.

गेल्या वर्षी त्याच काकूंनी आपल्या डॉक्टरांच्या रिटायरमेंटची पार्टी दिली. कुठं, तर त्याच पबमध्ये. मला फोन करून म्हणाल्या, “अगं, काय सुंदर जागा आहे! एकदम ऑथेंटिक! तुला माहीत होती का?” मी फोन ठेवून दिला. नवरा म्हणाला, असं नको होतं करायला. मी त्यालाही दोन शब्द ऐकवले.

बाबा आता पुन्हा टपरीच्या बाकावर बसतात. मी त्यांच्या सकाळच्या वेळी फोन करते, म्हणजे मागून कपबशांचा आणि बसच्या हॉर्नचा आवाज ऐकू येतो. गेल्या रविवारी पुन्हा विषय काढला. कागद तयार आहेत, फक्त हो म्हणा, या ना बाबा.

“कशासाठी येऊ?” त्यांनी विचारलं. चिडून नाही, अगदी साधेपणानं.

“कशासाठी म्हणजे? काही कारण लागतं का?” मी म्हटलं. “विनाकारण या.”

पलीकडून कुणीतरी त्यांना बाकावर सरकायला सांगितलं, ते सरकले असावेत.

“विनाकारण आलो असतो गं,” ते म्हणाले. “पण बसू कुठं?”